टाकून दिलेलं जुनं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घरी आणताय? प्लग लावण्याआधी हे वाचा

जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसणारी दोन टबांची जुनी मशीनं बऱ्याचदा बिघडलेली नसतातच. घरात फुल्ली ऑटोमॅटिक आलं, भाड्याची जागा बदलली, किंवा ते वापरणारी आजी गेली आणि बाकीच्यांना टबातून टबात कपडे टाकायचा कंटाळा आला, एवढंच कारण असतं.

नव्वदच्या दशकातली ही मशीनं, मग ती व्हिडिओकॉन असोत, टीव्हीएस व्हर्लपूल असोत की बीपीएल, आतून बरीचशी सारखी असतात. दोन मोटरी, एक बेल्ट, कपॅसिटर, चावीचे दोन टायमर आणि रबराचे चार-पाच तुकडे. सर्किट बोर्ड नाही, पंप नाही. पाणी उतारानेच बाहेर जातं. म्हणून तर नवशिक्याने हात घालावा असं हे यंत्र आहे. फ्रंट लोड मशीन कुणी फुकट देत असेल तरी पहिल्या खेपेला नको म्हणा. त्यात बोर्ड गेलेला असतो किंवा ड्रमचं बेअरिंग, आणि दोन्ही गोष्टी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होत नाहीत.

यातली मुख्य गोष्ट क्रमाची आहे. बहुतेक जण मशीन घरी आणतात आणि 'चालतंय का बघू' म्हणून आधी प्लग लावतात. महिनोन्‌महिने ओलीत पडलेल्या मोटरीची कॉइल तेव्हाच जळते, किंवा पत्र्यात करंट उतरतो. आधी पारखा, मग उघडा, धुवा, वाळवा, मोजा. वीज सगळ्यात शेवटी.

१. उचलायचं की सोडायचं, ते जागेवरच ठरवा

मशीन बघायला जाताना टॉर्च, एक स्क्रू ड्रायव्हर आणि जुनं फडकं घेऊन जा. खालच्या गोष्टी तिथेच तपासा.

मागचं झाकण काढून आत मोटरी आहेत का ते आधी बघा. भंगारात सगळ्यात जास्त भाव तांब्याला, त्यामुळे मोटर काढून घेतलेलं रिकामं खोकं 'चालू आहे साहेब' म्हणून गळ्यात मारलं जाऊ शकतं. कपडे धुण्याच्या टबाखाली एक आणि स्पिनच्या टबाखाली एक, अशा दोन मोटरी दिसल्या पाहिजेत.

मग धुण्याचा टब. फडक्याने पुसून, आत टॉर्च धरून, बाहेरून भेग दिसते का बघा. हे टब बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि या प्लास्टिकला बाजारातलं कुठलंही साधं चिकटद्रव्य धरत नाही. एम-सील लावून विकलेलं मशीन दोन धुण्यांत पुन्हा गळतं. तळाजवळ भेग असेल तर मशीन फक्त सुट्या भागांसाठी घ्या.

स्पिनचा टब हाताने हलकेच फिरवा. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, म्हणून तो जड जाणारच. झाकण लावल्यावर ब्रेक सुटतो. मागून हात घालून मोटरीवरचं चाक फिरवा, ते आता मोकळं फिरायला हवं. फिरताना टब एका बाजूला लचकत असेल तर शाफ्ट, म्हणजे टब ज्यावर फिरतो तो दांडा, वाकलेला आहे. असं मशीन सोडून द्या.

शेवटी पाया. पत्र्याच्या मशीनला खालच्या चार-पाच इंचांत गंज असतोच. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. वरवरचा गंज चालेल, टोक आरपार गेलं तर नाही.

टायमरची फुटलेली बटणं, पिवळं पडलेलं प्लास्टिक, तुटलेला ड्रेन पाइप, कुरतडलेल्या वायरी यांना घाबरू नका. हे सगळं मिळतं आणि बदलता येतं. व्हिडिओकॉनची मूळ कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी औरंगाबादच्या या कंपनीची मशीनं राज्यभर इतक्या घरांत पोचली होती की त्यांना बसणारे बेल्ट, सील आणि टायमर सुट्या भागांच्या दुकानांत अजून मिळतात.

२. मालकाला विचारा, चिठ्ठी घ्या, उभंच आणा

सोसायटीच्या आवारात पडलेलं मशीन बेवारस दिसलं तरी कुणाचं तरी असतं. वॉचमनच्या 'घेऊन जा हो' वर विसंबू नका. सेक्रेटरीला विचारा आणि मूळ मालक सापडला तर त्याच्याशी बोला. त्याच्याकडून दोन कागद मिळाले तर उत्तम: 'मशीन अमक्याला दिलं आहे' अशी सही केलेली साधी चिठ्ठी, जी गेटवर उपयोगी पडते, आणि जुनं माहितीपुस्तक, जे बहुतेकदा एखाद्या ड्रॉवरमध्ये सापडतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर वायरिंगची आकृती असेल तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

मशीन का टाकलं हेही विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. 'स्पिन होत नाही', 'खालून पाणी येतं', 'शॉक बसला होता' ही तीन उत्तरं तीन वेगळ्या दिशांना नेतात. तिसरं उत्तर मिळालं तर पायरी ९ मधली मोजमापं इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

भंगारवाल्याकडून घेत असाल तर वजनावर भाव करा. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथेही अशी मशीनं दिसतात, पण तिथे परत करायची सोय नाही हे धरूनच पैसे द्या.

नेताना मशीन आडवं करू नका. स्पिनची मोटर स्प्रिंगांवर तोललेली असते. आडवं केलं की ती टबासकट एका बाजूला कलंडते, आणि टेम्पोतल्या एका गचक्यात शाफ्ट वाकतो. स्पिनच्या टबाभोवती जुनी चादर घट्ट कोंबा, झाकणं चिकटपट्टीने बंद करा आणि दोघांनी मिळून उभंच उचला.

३. लागणारं सामान

हत्यारांत चांगल्या पकडीचे फुली आणि चपटे स्क्रू ड्रायव्हर, ८, १० आणि १२ नंबरचे रिंग पाने, पक्कड, तारेचा ब्रश, जुने टूथब्रश, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मल्टिमीटर (वीज आणि रोध मोजायचं मीटर). होल्डरमध्ये बसवलेला १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब हवाच. एलईडी चालणार नाही.

साफसफाईला धुण्याचा सोडा, लिंबूसत्व, भांड्यांचा साबण, थोडं ब्लीच, रबरी हातमोजे, मास्क. गंजलेल्या स्क्रूंसाठी फवाऱ्याचं पेनेट्रेटिंग ऑइल. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब.

सुटे भाग आधीच विकत घेऊन ठेवू नका. मशीन उघडल्याशिवाय काय लागेल ते कळत नाही, आणि सील किंवा बेल्ट अंदाजाने आणला तर बसत नाही. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जायचं. कपॅसिटर, वायर, मीटर यांसाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड. सील, बेल्ट आणि टायमरसाठी वॉशिंग मशीनच्या सुट्या भागांचं दुकान शोधा. तुमच्या भागातला मेकॅनिक कुठून माल आणतो ते विचारलंत की पत्ता मिळतो.

४. उघडण्याआधी फोटो, आणि कपॅसिटर रिकामा करा

मागचं झाकण काढल्यावर कशालाही हात न लावता मोबाइलने भरपूर फोटो काढा. वरचं पॅनल सोडवलं की टायमरना जोडलेल्या रंगीत वायरींचा झुबका दिसेल. त्याचे जवळून, दोन बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक वायर कुठून निघून कुठे जाते ते कागदावर लिहा. धुण्याच्या मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर फारसं बिघडत नाही, कारण ती तशीही दोन्ही दिशांना फिरते. स्पिनच्या वायरी चुकल्या तर टब उलटा फिरू शकतो, किंवा मोटर नुसती गरम होते.

कपॅसिटर म्हणजे डबीसारखा किंवा चौकोनी भाग, मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर. प्लग काढलेला असला तरी त्यात वीज साठून राहू शकते. बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, साठा उतरतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा धरून ठिणगी पाडायची पद्धत सर्रास दिसते. ती करू नका. टोकंही जळतात आणि कधी बोटंही.

५. उंदरांचा मुक्काम हलवा

जुन्या मशीनचा तळ उघडा असतो. आत ऊब, अंधार आणि कुरतडायला वायर, म्हणजे उंदरांची सोयच. कोरड्या झाडूने घाण ओढू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घालून आधी त्या घाणीवर पातळ ब्लीचचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने उचला. पावसाळ्यात ओल्या जागी पडलेल्या मशीनमध्ये उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. हाताला चीर असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. मोटरीवर मात्र काहीही शिंपडायचं नाही, तिला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा.

कुरतडलेली वायर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर जोडा आणि जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. सगळं काम झाल्यावर तळाला बारीक लोखंडी जाळी ठोकून टाका, म्हणजे जुने भाडेकरू परत येणार नाहीत.

६. पल्सेटरखालची मळी

हे खरं साफसफाईचं काम. धुण्याच्या टबाच्या तळाशी जी चक्री असते ती पल्सेटर. तिच्या मधोमध एक स्क्रू असतो, कधी त्यावर प्लास्टिकची टोपी. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेला हा स्क्रू सहज सुटत नाही. जोर लावून त्याची फुली झिजवलीत तर ड्रिलच आणावं लागेल. पेनेट्रेटिंग ऑइल मारा, रात्रभर ठेवा. सकाळी बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून मागून हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, मग फिरवा.

स्क्रू निघाला तरी चक्री शाफ्टवर घट्ट बसलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, टबाला खड्डा पडतो आणि तिथूनच पुढे भेग जाते. जुन्या सुती साडीच्या काठाच्या दोन पट्ट्या घ्या, चक्रीच्या कडेखाली समोरासमोर सरकवा आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. टबात गरम पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं तर आणखी सोपं जातं.

खाली काय निघेल याची कल्पना असू द्या. साबणाचा थर, धागे, केस, शेवाळासारखी काळी मळी, आणि त्यात रुतलेली बटणं, सेफ्टी पिना, चार-आठ आण्यांची नाणी. जुन्या मशीनमध्ये धुतलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो तो इथूनच.

साफ करायचा क्रम असा. प्रथम हाताने आणि लाकडी पट्टीने जाड थर उचला. मग मूठभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून टबात घाला. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं, उकळतं ओतलं तर प्लास्टिक वाकतं. अर्ध्या तासाने ब्रशने घासा. साबणाचा तेलकट थर सोड्याने सुटतो. सोडा ॲल्युमिनियम खातो, म्हणून तळाशी धातूचे भाग असतील तर तासन्‌तास भिजत ठेवू नका.

स्वच्छ धुतल्यावर जे पांढरं, खरखरीत उरेल तो बोअरच्या पाण्याचा क्षार. त्याला सोडा काही करत नाही, आंबटच लागतं. दहा लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व, तासभर. क्षार मऊ झाला की ब्रशने निघतो. पुन्हा धुवा. काळे बुरशीचे डाग राहिलेच तर सगळ्यात शेवटी, लिंबूसत्वाचा अंशही न ठेवता टब धुऊन झाल्यावर, पातळ ब्लीच. ब्लीच आणि लिंबूसत्व, किंवा ब्लीच आणि कुठलंही आम्ल, एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. तारेची घासणी प्लास्टिकवर वापरू नका. तिने पडलेल्या ओरखड्यांत पुढच्या महिन्यात नवी मळी बसते.

चक्री परत बसवण्याआधी शाफ्टभोवतीचं रबरी सील बघा. त्याच्या ओठाला चीर नसेल तर थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, साधं रबर तेलाने फुगतं. शाफ्टखालच्या पुलीवर (बेल्टच्या चाकावर) पाण्याचे ओघळ किंवा गंजाच्या रेषा दिसल्या तर हे सील आधीपासून गळतंय. ते एकटं बदलण्यापेक्षा शाफ्टचा पूर्ण संच बदलणं बरं, आणि पहिल्या वेळी ते काम मेकॅनिककडून करून घ्यायला हरकत नाही. शेजारी उभं राहून बघा म्हणजे झालं.

७. ड्रेनचा खटका

दोन्ही टबांचं पाणी एकाच पाइपातून जातं. धुण्याच्या टबाच्या वाटेवर मात्र स्प्रिंगवर बसलेलं रबरी बूच असतं, आणि वरचं ड्रेनचं बटण फिरवलं की एका पट्टीने ते उचललं जातं. 'पाणी टिकत नाही' ही तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा त्या बुचाखाली काडी, धागा नाहीतर नाणं अडकलेलं असतं. बुचावरची झाकणी उघडा, बूच काढा, बसायची जागा बोटाने पुसा. रबर कडक झालं असेल तर बदला, फार स्वस्त भाग आहे. बटणाची पट्टी ताणलेली राहिली तर बूच अर्धवट उचललेलं राहतं, तेही बघून घ्या.

८. स्पिनचा टब: इथे घाई नको

स्पिनच्या टबाखाली सरळ मोटर असते आणि दोघांच्या मधे असतं एक घडीचं रबरी सील. ते फाटलं की कपड्यांतून निघालेलं पाणी थेंबाथेंबाने मोटरीवर पडतं. कॉइल खराब होते ती अशी, आणि पत्र्याला करंट येतो तोही बऱ्याचदा असाच. म्हणून स्पिन व्यवस्थित फिरत असलं तरी जुन्या मशीनमध्ये हा टब बाहेर काढून सील बघाच.

मागून बघितल्यावर मोटरीच्या डोक्यावर ब्रेकचं चाक दिसेल. त्याच्या मानेत दोन बोल्ट असतात, प्रत्येकाला लॉक नट. ते सैल केले की टब शाफ्टसकट सरळ वर निघतो. निघत नसेल तर ऑइल आणि एक रात्र. शाफ्टवर हातोडी मारायची नाही.

बाहेरच्या टबात बहुतेकदा एखादा मोजा, रुमाल किंवा लहान मुलाचं टोपडं सापडतं. स्पिन जाम होण्याचं खरं कारण तेवढंच असू शकतं. ते काढा, सोड्याच्या पाण्याने टब धुवा.

शाफ्ट सरळ आहे का ते सपाट टाइलवर लोळवून बघा. खाली उजेड येत-जात असेल तर वाकलेला आहे. गंजाचे डाग ४०० नंबरच्या कागदाने गुळगुळीत करा, कारण खडबडीत शाफ्ट नवं सील थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. सीलच्या घड्या बोटांनी उघडून प्रत्येक घडी उजेडात तपासा. शंका आली तरी बदला. टब परत बसवताना बोल्ट शाफ्टवरच्या खाचेवरच घट्ट होऊ द्या आणि मग लॉक नट आवळा.

आता ब्रेक. झाकण उघडलं की दोन गोष्टी व्हायला हव्यात: खटक्याने मोटरीची वीज तुटली पाहिजे आणि ब्रेकच्या तारेने चाक आवळलं गेलं पाहिजे. तार सैल झालेली असते, ती ताणून घ्या. ब्रेकचं लायनर झिजलेलं असेल तर बदला. झाकणाचा खटका बिघडला की काही मेकॅनिक दोन वायरी थेट जोडून देतात. कुणी असं करून ठेवलं आहे का ते नीट बघा आणि सापडलं तर नवा खटका बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पूर्ण वेगात फिरणाऱ्या टबात गुंडाळलेली साडी हात आत ओढून घेते. घरात लहान मुलं असतील तर यावर वाद घालायचाच नाही.

९. वाळवा आणि मोजा

मशीन दोन-तीन दिवस कडक उन्हात, झाकणं उघडी ठेवून. प्लास्टिक जुनं असेल तर पॅनल काढून सावलीत ठेवा, उन्हाने ते अजून ठिसूळ होतं. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा मोटर सोडवून तिच्याशेजारी १०० वॉटचा बल्ब एक-दोन रात्री पेटता ठेवायची जुनी युक्ती अजून कामाला येते. हा वेळ पत्र्यासाठी वापरा. गंज तारेच्या ब्रशने काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या, वर एनॅमल पेंट. रंग मूळ रंगाशी तंतोतंत जुळणार नाही, त्याचं काही नाही.

मोजमापं मल्टिमीटरने करायची. धुण्याच्या मोटरीची सामाईक वायर आणि बाकीच्या दोन वायरी यांच्यातला रोध दोन्हीकडे जवळपास सारखा यायला हवा, आणि त्या दोन वायरींमधला रोध दोन्हींच्या बेरजेइतका. स्पिनच्या मोटरीत दोन आकडे वेगळे येतात, ते बरोबर आहे. कुठे जोडच नाही असं दाखवलं तर कॉइल तुटलेली. मोटर रिवाइंड करता येते, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळता येते, पण खर्च विचारूनच ठरवा.

कपॅसिटरवर छापलेला आकडा आणि मीटरवर येणारा आकडा ताडून बघा. धुण्याच्या मोटरीला साधारण १० ते १२ एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप), स्पिनला ४ ते ५ चा असतो, पण तुमच्या डबीवर छापलंय तेच खरं. आकडा दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरला असेल, किंवा डबी फुगली असेल, तर त्याच आकड्याचा, ४४० व्होल्टचा नवा घ्या. 'थोडा मोठा घाला, ताकद वाढेल' असं दुकानात कुणी म्हणालं तर ऐकू नका, मोटर तापते. मोटर गुणगुणते पण फिरत नाही आणि पुली हाताने मोकळी फिरते, या बिघाडात पहिला संशय कपॅसिटरवरच घ्यायचा.

शेवटची चाचणी गळतीची, आणि मल्टिमीटर इथे पुरेसा नाही. इलेक्ट्रिशियनकडे किंवा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मेगर, म्हणजे वीज गळते का ते मोजायचं यंत्र, असतो. ५०० व्होल्टच्या मेगरने कॉइल आणि मोटरीचं अंग यांच्यात किमान एक मेगओहम यायला हवा. कमी आला तर आधी आणखी वाळवा, मग पुन्हा मोजा.

बेल्टला चिरा असतील तर त्यावर एम अक्षरापुढे छापलेला आकडा वाचा आणि तोच आणा. बसवल्यावर मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. जास्त ताणला तर शाफ्टचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) खराब होतं.

१०. पहिल्यांदा वीज

तीन पिनांचा नवा प्लग, अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याला खरवडलेल्या जागी घट्ट आवळलेली, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत ते भोक अनेकदा नुसतं शोभेचं असतं. एक्सटेन्शन बोर्ड नको.

पहिल्यांदा वीज सरळ देऊ नका, मधे बल्ब घाला. मेकॅनिक याला सिरीज लॅम्प म्हणतात. तयार सिरीज बोर्ड मिळत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बांधून घ्या. मशीन कोरडं, रिकामं, पायात रबरी चप्पल. दोन्ही टायमर बंद असताना बल्ब पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढा आणि कागदावरच्या आकृतीशी वायरी पुन्हा ताडा. बल्ब विझलेला असेल तर धुण्याचा टायमर फिरवा. आता बल्ब पेटेल आणि मोटर नुसती गुणगुणेल. बल्ब तिला पुरेशी वीज जाऊ देत नाही, त्यामुळे ते साहजिक आहे. बल्ब थांबून थांबून विझतो आणि पुन्हा पेटतो का ते बघा, टायमर दिशा बदलतोय याची ती खूण. मग स्पिनचा टायमर. बल्ब पेटलेला असताना झाकण उघडा, तो लगेच विझला पाहिजे. विझला नाही तर झाकणाचा खटका निकामी आहे आणि तुम्ही पायरी ८ वर परत जायचं आहे.

हे सगळं जमलं की बल्ब काढून थेट वीज द्या. स्पिन पूर्ण वेगात आल्यावर झाकण उघडा: टब काही सेकंदांत थांबायला हवा.

११. पाणी आणि पहिलं धुणं

धुण्याचा टब खुणेपर्यंत भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि मशीन न लावता रात्रभर ठेवा. सकाळी कागद कुठे ओला आहे त्यावरून गळती कुठली ते कळतं: मधोमध असेल तर शाफ्टचं सील, दोन टबांच्या मधे असेल तर ड्रेनचं बूच, मागच्या बाजूला असेल तर पाइपचा जोड. स्पिनच्या बाजूला तांब्याभर पाणी ओतून मोटरीवर थेंब येतो का, तेही मागून बघा.

पहिलं धुणं पोतेऱ्यांचं, पायपुसण्यांचं. पावडर कमी फेसाची आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मी. स्पिनमध्ये कपडे कडेने सारखे दाबून बसवा आणि वर जाळीचं झाकण ठेवायला विसरू नका. मशीन धडधडायला लागलं तर कपडे एका बाजूला गेलेत. ड्रेनचा पाइप जमिनीलगत, मोरीच्या तोंडाशी असावा. पंप नसल्यामुळे पाइप वर उचलून बेसिनमध्ये टाकलात तर पाणी जाणारच नाही.

१२. उरलेलं काय करायचं

निकामी मोटर, कपॅसिटर आणि वायरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आणि तांब्यासाठी वायर जाळून तर मुळीच नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत वॉशिंग मशीनचा समावेश आहे, म्हणजे हे सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या लोकांना विचारा, इतर शहरांत पालिकेच्या ई-कचरा केंद्राला. काढलेला टायमर मात्र ठेवून द्या. आतला एखादा संपर्क जळलेला असला तरी त्याची स्प्रिंग, दांडा आणि बटण पुढच्या मशीनला उपयोगी पडतात.